ग्रंथालयाची वेबसाइट ‘सुगम्य’ आहे, हे ठरवायचं कसं?

समजा, तुमच्या संशोधन आराखड्याचं शीर्षक आहे, ‘सार्वजनिक ग्रंथालयांच्या संकेतस्थळांची सुगम्यता : एक अभ्यास’. विषय चांगला आहे आणि गरजेचाही आहे. पण मुलाखतीत ‘पद्धत काय?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. पन्नास ग्रंथालयांच्या वेबसाइट घ्यायच्या, ‘वेव्ह’ किंवा ‘लाइटहाउस’सारख्या मोफत साधनात एकेक पत्ता टाकायचा, चुकांचे आकडे एक्सेलमध्ये भरायचे. मग तक्ता, आलेख, निष्कर्ष. सहा महिन्यांत काम संपतं.

माझंही असंच ठरलं होतं. सराव म्हणून मी एका शहरातल्या जुन्या ग्रंथालयाची वेबसाइट तपासली. अहवाल बरा आला. दोन-तीन ठिकाणी अक्षरांचा रंग फिका, एका बटणाला नाव नाही, एवढंच. वहीत मी लिहून टाकलं, ‘बऱ्याच अंशी सुगम्य’. हे तीन शब्द मी नंतर खोडले. का खोडले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्या ग्रंथालयाचे एक जुने सभासद आहेत. निवृत्त शिक्षक, काचबिंदूमुळे साठीनंतर दृष्टी गेलेली. ब्रेल शिकायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून ते लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर आणि फोनवर ‘टॉकबॅक’ वापरतात. मी त्यांना म्हटलं, ‘‘सर, या वेबसाइटवरून तुम्हाला हवं ते एक पुस्तक शोधून दाखवाल?’’ ते म्हणाले, ‘‘लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र शोधतो. मुलांना शिकवलंय, पुन्हा ऐकायचंय.’’

शोधाच्या चौकटीत त्यांनी पुस्तकाचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. लॅपटॉप गप्प. त्यांनी थोडं थांबून पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा शांतता. मला पडद्यावर दिसत होतं की चौकटीखाली लाल अक्षरांत ‘नोंद आढळली नाही’ असं आलंय, पण त्यांच्या कानापर्यंत ते पोचलंच नव्हतं. नेट गेलंय का, असं त्यांनी मला विचारलं. शेवटी बाणाच्या कळीनं एकेक ओळ खाली जात त्यांनी तो संदेश गाठला. म्हणाले, ‘‘एवढ्या जुन्या ग्रंथालयात हे पुस्तक नाही? शक्यच नाही.’’

पुस्तक होतं. तालिकेत त्याची नोंद ‘स्मृतिचित्रे’ अशी होती, म्हणजे ‘ति’ ऱ्हस्व. सरांनी टाइप केलं होतं ‘स्मृतीचित्रे’. व्याकरणाच्या दृष्टीनं ग्रंथालय बरोबर होतं, कारण तत्सम शब्द समासात पूर्वपदी आला की तो मुळातल्यासारखा ऱ्हस्व राहतो. पण सुटा ‘स्मृती’ आपण दीर्घच लिहितो, त्यामुळे ही चूक कोणाचीही होते. सर तर आयुष्यभर मराठी शिकवणारे. ते नंतर हसून म्हणाले, ‘‘हे मी वर्गात पन्नास वेळा सांगितलं असेल. पण लिहिलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात चुकतो बघ.’’

इथे थोडं थांबू, कारण माझ्या आराखड्याची दिशा या एका वेलांटीनं बदलली. तुम्ही-आम्ही ‘स्मृतीचित्रे’ असं टाइप केलं तर पडद्यावर बघून कदाचित शंका येईल आणि आपण वेलांटी बदलून पाहू. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ती शंका येणार कशी? बोलण्यात ‘ति’ आणि ‘ती’ यांत आपण फारसा फरक करत नाही, आणि संगणकी आवाजात तर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. टाइप केलेला शब्द सरांनी दोनदा वाचवून घेतला. दोन्ही वेळा त्यांच्या कानाला तो बरोबरच वाटला. अक्षर-अक्षर करत गेलं तर फरक कळतो, पण चूक आहे असं आधी वाटल्याशिवाय तसं कोण करेल?

आता प्रश्न असा की, माझ्या साधनाच्या अहवालात यातलं काय होतं? काहीच नव्हतं.

असं का होतं, हे समजायला स्क्रीन रीडर काय करतो ते आधी माहीत हवं. तो पडद्याचं चित्र बघत नाही. पानामागे जो कोड असतो, त्यातून ब्राउझर एक रचना तयार करतो : हे शीर्षक, ही यादी, हे बटण, ही भरायची चौकट. स्क्रीन रीडर ती रचना वाचतो आणि उच्चारतो. म्हणून डोळ्यांना बटणासारखी दिसणारी गोष्ट कोडमध्ये नुसता रंगीत चौकोन असेल, तर कानाला तिथे बटण नसतं. तपासणीची साधनंही हाच कोड बघतात, त्यामुळे त्यांना बरंच काही सापडतं. चित्राला पर्यायी मजकूर नाही, भरायच्या चौकटीला नाव नाही, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ४.५ : १ पेक्षा कमी आहे, अशा गोष्टी ती झटकन सांगतात. यंत्राला हे जमतं कारण यात अर्थ समजून घ्यावा लागत नाही.

अर्थ आला की यंत्र अडतं. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे साधन बघतं. तो मजकूर ‘आयएमजी २०४५’ असा निरर्थक असला तरी अनेकदा पास! आपल्याकडे ग्रंथालयाची वेळ, सुट्ट्या, वर्गणी आणि अनामत यांचा तक्ता बऱ्याचदा एक रंगीत चित्र म्हणून चिकटवलेला असतो. त्याला ‘बॅनर’ एवढं नाव दिलं की साधनाचं समाधान होतं. सोमवारी ग्रंथालय बंद असतं, हे मात्र ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही.

भाषेच्या खुणेचं तर विचारूच नका. प्रत्येक वेबपानाच्या कोडमध्ये पान कोणत्या भाषेत आहे हे लिहायची जागा असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरं हवीत. पण तयार साचे वापरून केलेल्या कित्येक मराठी वेबसाइटवर तिथे साच्यातली मूळची इंग्रजीची खूण तशीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो, आणि त्या आवाजाच्या कुवतीप्रमाणे कधी गप्प बसतो, कधी काहीतरी भलतंच पुटपुटतो. चुकून हिंदीची खूण असेल तर मराठी मजकूर हिंदी उच्चारात ऐकायला मिळतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले च वेगळे आहेत, हे हिंदी आवाजाला काय माहीत! साधन मात्र भाषेची खूण आहे की नाही आणि ती वैध आहे की नाही एवढंच बघतं. खाली मजकूर कोणत्या भाषेत आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे सरांना ऐकू न आलेला ‘नोंद आढळली नाही’ हा संदेश. वेब सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे ‘डब्ल्यूसीएजी’, २०१८ च्या २.१ आवृत्तीत स्पष्ट सांगतात की पानावर असा स्थितीदर्शक संदेश उमटला तर तो स्क्रीन रीडरपर्यंत आपोआप पोचला पाहिजे. म्हणजे नियम होता, तो मोडलाही होता. पण मी साधनाला फक्त मुखपृष्ठाचा पत्ता दिला होता. कोणी काही शोधलंच नाही, तर संदेश उमटणार कुठून आणि साधनाला दिसणार कसा?

साधनांच्या या मर्यादेबद्दल लिहिताना तुम्हाला दाखले लागतील. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं २०१७ मध्ये मुद्दाम चुकांनी भरलेलं एक पान तयार करून तपासणीची बरीच साधनं त्यावर चालवली. सगळ्यात चांगल्या साधनालाही निम्म्याहून कमी चुका सापडल्या. २०१९ मध्ये मानुएल मातुझोविच या वेब विकसकानं उलटा प्रयोग केला. कोणालाही वापरता येणार नाही असं पान त्यानं बनवलं आणि ‘लाइटहाउस’मध्ये त्याला सुगम्यतेचे पैकीच्या पैकी गुण मिळवून दाखवले. वाचून हसू येतं, पण आपल्या एक्सेलमधल्या आकड्यांचंही तेच होऊ शकतं, हे आठवलं की हसू थांबतं.

याचा अर्थ साधनं टाकून द्यायची असा नाही. ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं अशाच साधनानं तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर उघड चुका सापडल्या, आणि सगळ्यात जास्त आढळलेली चूक होती फिक्या अक्षरांची. म्हणजे यंत्राला सापडणाऱ्या साध्या चुकाही जग अजून दुरुस्त करत नाही. साधनानं ‘नापास’ म्हटलं तर सहसा विश्वास ठेवावा. ‘पास’ म्हटलं तर काम तिथून सुरू करावं.

बरं, मग माणसानं बसून सगळे निकष हातानं तपासले तर? ते यंत्रापेक्षा कितीतरी चांगलं, पण तेही पुरत नाही. क्रिस्टोफर पॉवर, आंद्रे फ्रेरे, हेलन पेट्री आणि डेव्हिड स्वॉलो यांचा २०१२ मधला शोधनिबंध या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचायलाच हवा. ३२ अंध वापरकर्त्यांनी १६ वेबसाइटवर ठरावीक कामं केली आणि त्यांत १,३८३ अडचणी नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ‘डब्ल्यूसीएजी २.०’च्या निकषांत बसणाऱ्या अडचणी होत्या ५०.४ टक्के. उरलेल्या जवळपास निम्म्या अडचणींसाठी निकषच नव्हता. त्यानंतर मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, २०२३ मध्ये २.२ आवृत्तीही आली. पण कोणत्याही भाषेच्या अंगभूत गुंत्यांची यादी त्यांत असणार नाही, आणि ती तशी अपेक्षाही नाही. सरांची वेलांटी नेमकी या उरलेल्या भागात येते.

मला वाटतं, मराठीत संशोधन करणाऱ्यासाठी खरं काम इथेच आहे. पहिल्या दोन थरांवर जगभर लिहून झालंय. हा तिसरा थर आपल्याशिवाय कोण बघणार?

या थरात काय काय आहे? ऱ्हस्व-दीर्घाचं वर आलंच. त्याच्या शेजारी अनुस्वार बसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले, पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘कांही’ आणि ‘नांव’ असंच आहे. तालिकाकारानं प्रामाणिकपणे मुखपृष्ठावरून उतरवलं तर नोंदही तशीच होते. आजचा वाचक ‘काही’ टाइप करतो आणि पुस्तक सापडत नाही. गंमत म्हणजे जितकी नोंद काटेकोर, तितकं पुस्तक सापडणं कठीण!

नावांची तऱ्हा वेगळी. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण’ ही संगणकाच्या लेखी चार माणसं असू शकतात. ग्रंथालयशास्त्रात यासाठी अधिकृत नाव ठरवून बाकीची रूपं त्याला जोडायची जुनी पद्धत आहे. कार्डांच्या जमान्यात ‘पाहा’ असं लिहिलेलं वेगळं कार्ड असायचं. संगणक आल्यावर बऱ्याच ठिकाणी ती कार्डं गेली आणि त्यांच्याबरोबर ती सोयही गेली.

त्याखाली युनिकोडचा थर आहे, आणि तो डोळसांनाही दिसत नाही. ‘दुसऱ्या’ शब्दातला ऱ्या घ्या. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि जोडणी दाखवणारं एक अदृश्य चिन्ह असतं. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. कोणता साठवला जाईल, ते कळफलकावर अवलंबून. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडनं त्याला स्वतंत्र जागा दिली, त्याआधी अ वर चंद्र चढवून तो लिहायचे, आणि आजही अनेकजण तसंच लिहितात. म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा शब्द शोधतानासुद्धा ॲक्सेसिबिलिटीचा प्रश्न येतो.

आणि सगळ्यात खाली, जुने फाँट. युनिकोड रुळण्याआधी मराठीत जे फाँट चालायचे, त्यांत मागे साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फक्त आकार देवनागरीचा दिसायचा. तेव्हा टाइप केलेल्या पुस्तकयाद्या आणि वार्षिक अहवाल तसेच पीडीएफ करून वेबसाइटवर चढवलेले असतात. तुम्हाला स्वच्छ मराठी दिसतं. स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरांची माळ वाचत सुटतो. तपासून बघायला सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर मजकूर खरा. रोमन खिचडी उमटली तर फाँट जुना. काहीच कॉपी झालं नाही, तर ते पान म्हणजे नुसता फोटो.

या शेवटच्या प्रकाराकडे सरांची गोष्ट पुन्हा जाते. वेलांटी दुरुस्त केल्यावर नोंद सापडली आणि तिच्यासोबत डिजिटल प्रतीचा दुवाही मिळाला. सर खूश झाले. फाइल उघडली आणि एनव्हीडीएनं पान रिकामं असल्याचं सांगितलं. शेकडो पानांचं पुस्तक, आणि रिकामं! ग्रंथालयानं जुनी आवृत्ती काळजीपूर्वक स्कॅन केली होती, पण अक्षरओळख केलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक पान म्हणजे एक छायाचित्र होतं.

इथे कायद्याचा अडसरही नव्हता. लक्ष्मीबाईंचं निधन १९३६ मध्ये झालं, लेखकाच्या पश्चात ६० वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांनाही २०१२ च्या दुरुस्तीनं वाट करून दिली आहे. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून देणं हा आता स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनी आपल्या छापील दृष्टीहीन सभासदांना निदान त्याचा पत्ता तरी दाखवावा, पण तसा दुवा मला फार क्वचित दिसलाय. आणि सगळं मजकूर म्हणूनच ठेवायचं ठरवलं तर काय होतं, हे बघायचं असेल तर ऑनलाइन मराठी विश्वकोश उघडा. नोंदी पानांचे फोटो नाहीत, खरा मजकूर आहे, म्हणून त्या शोधता येतात, मोठ्या करता येतात आणि ऐकता येतात.

आता तुमच्या आराखड्याकडे येऊ. एवढं वाचल्यावर पद्धत काय ठेवाल?

माझा पहिला सल्ला म्हणजे मोजायचं एकक बदला. ‘वेबसाइट’ मोजू नका, ‘काम’ मोजा. वाचक ग्रंथालयाकडे कशासाठी येतो? अमुक पुस्तक आहे का, ते आत्ता कपाटात आहे की कोणी नेलंय, मुदत वाढवून मिळेल का, आज ग्रंथालय उघडं आहे का, सभासद व्हायला काय लागतं. असली पाच-सहा कामं ठरवा, तीही स्वतःच्या मनानं न ठरवता देवघेव विभागात दोन दिवस बसून. खिडकीवर लोक काय विचारतात ते लिहून घ्या. मग प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडतं का ते बघा. साखळीतली एक कडी तुटली तरी काम तुटतं. सरांच्या बाबतीत दहापैकी नऊ पायऱ्या सुगम्य होत्या, असं म्हणून नव्वद टक्के गुण देता येतील? त्यांच्या हातात पुस्तक आलंच नाही.

दुसरा मुद्दा सहभागींचा. ‘पाच वापरकर्ते पुरतात’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल. ते एकसारख्या वापरकर्त्यांबद्दल आहे. इथे जन्मांध तरुण, उतारवयात दृष्टी गेलेले आजोबा, अक्षरं चौपट मोठी करून वाचणारी बाई, हात थरथरतो म्हणून माउस न वापरता फक्त कळफलक वापरणारे काका, आणि फक्त मराठीच येणारी, पण वेबसाइटवरची बटणं इंग्रजीत असल्यानं अडणारी वाचक, या सगळ्यांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत. पाच जणांत तुम्ही पाच वेगळी जगं बघाल. म्हणून आराखड्यात नमुना लहान ठेवा, पण ‘कोणासाठी’ हे नेमकं लिहा. ‘अपंग व्यक्ती’ असा एकच गठ्ठा करू नका. भारतात २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख. हा आकडा प्रस्तावनेत सगळेच टाकतात. टाका, पण मग तुमचा अभ्यास त्यांतल्या कोणाविषयी बोलतो, तेही पुढच्याच ओळीत सांगा.

तिसरी गोष्ट मी चुकून शिकलो. वापरकर्त्यानं काम करता करता मनातलं मोठ्यानं बोलावं, ही वापरसुलभता तपासण्याची नेहमीची पद्धत आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याबरोबर ती फसते, कारण तो ऐकत असतो. मी सरांना ‘बोलत राहा’ म्हटलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ‘‘एका वेळी एकालाच ऐकतो मी. तुला की त्याला?’’ त्यावर उपाय म्हणजे काम पूर्ण होऊ द्यायचं, आवाजासकट सगळं रेकॉर्ड करायचं, आणि नंतर ते ऐकत ऐकत चर्चा करायची. यात वेळ दुप्पट जातो, तेव्हा वेळापत्रकात तशी जागा ठेवा.

मार्गदर्शक हमखास विचारतील तो प्रश्न कायद्याचा : ‘हे ग्रंथालयांवर बंधनकारक आहे का?’ दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या ‘शासकीय आस्थापना’च्या व्याख्येत शासनाचं साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात, आणि आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्थांनी चालवलेली असली तरी १९६७ च्या कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतात. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो सुगम्यता बंधनकारक न करता शिफारशीसारखी ठेवत होता. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. शासकीय वेबसाइटसाठीची ‘जीआयजीडब्ल्यू ३.०’ ही मार्गदर्शक तत्त्वं ‘डब्ल्यूसीएजी २.१’ची एए पातळी धरून चालतात. एवढा पाया पुरेसा आहे. मूळ निकाल मात्र वाचा, त्यांच्यावरच्या बातम्या वाचून लिहू नका.

उपाय सुचवण्याच्या प्रकरणात एक मोह टाळा. ‘आमची एक ओळ कोडमध्ये टाका, वेबसाइट सुगम्य होईल’ असं सांगणारी तयार विजेटं बाजारात आहेत. अशीच विजेटं विकणाऱ्या ‘ॲक्सेसिबी’ कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडच्या वेबसाइटवर कोपऱ्यात दिसणारी ‘अ+ अ अ-’ ही बटणंही मला तशीच वाटतात. ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करायची सोय असतेच, ती बटणं मुख्यतः सोय केल्याचं दाखवतात.

खरे उपाय साधे असतात, आणि त्यांतच संशोधनाचे प्रश्नही दडलेले असतात. उदाहरणार्थ, शोध घेताना ऱ्हस्व-दीर्घ एकच मानायचे, अनुच्चारित अनुस्वार सोडून द्यायचे, दोन्ही ऱ्या एक करायचे. सांगायला एका ओळीचं काम. पण मग ‘दिन’ शोधणाऱ्याला ‘दीन’ही मिळणार आणि ‘सुत’ शोधणाऱ्याला ‘सूत’ही. नको असलेली पुस्तकं किती वाढतील, आणि न सापडणारी किती सापडू लागतील? खऱ्या तालिकेवर, वाचकांनी खरोखर टाइप केलेल्या शब्दांनिशी हे मोजता येतं. ज्या ग्रंथालयाकडे ‘कोहा’सारखी मुक्त प्रणाली आहे, तिथे शून्य निकाल आलेल्या शोधांची नोंद मिळवता आली, तर तुमचा विदा तिथेच आहे. एका एमफिलपुरता नाही, चांगल्या पीएचडीपुरता प्रश्न आहे हा. तसंच जुन्या खिळ्यांवर छापलेल्या मराठी पानांवर ‘टेसरॅक्ट’सारखी मोफत अक्षरओळख किती चुकते, आणि ऐकणाऱ्याला किती टक्के चुकांपर्यंत गोष्ट समजत राहते? हा दुसरा.

माझा स्वतःचा प्रश्न आता असा झालाय : स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मराठी वाचकाला सार्वजनिक ग्रंथालयाच्या तालिकेत माहीत असलेलं पुस्तक शोधताना कोणत्या पायरीवर अडचण येते, आणि त्यांतल्या किती अडचणी प्रचलित निकषांत बसत नाहीत? पहिल्या शीर्षकापेक्षा हे लांबलचक आणि कमी भारदस्त आहे. मार्गदर्शकांनी मात्र पहिल्यांदाच फारशी लाल शाई न वापरता कागद परत दिला.

राहता राहिलं संमतिपत्र. नैतिकता समितीसाठी मी दोन पानी संमतिपत्र तयार केलं, विभागाचा शिक्का घेतला, स्कॅन केलं आणि सरांना पीडीएफ पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

‘‘अरे, तू काय पाठवलंयस? रिकामं पान म्हणतंय.’’

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून, शीर्षकं नीट लावून पाठवला. त्यांनी तो ऐकला आणि दोन प्रश्न विचारले : रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, आणि मधेच नको वाटलं तर थांबता येईल का. दोन्हीची उत्तरं संमतिपत्रात होती, पण ती इतक्या लांब वाक्यांत होती की कानानं ऐकताना निसटून गेली होती. ती वाक्यं मी तोडून पुन्हा लिहिली.